काठीची तिसरी पाळी

फोन मालतीबाईंनी घेतला, कारण हिलालला फोनवरचं काही ऐकू येत नाही. एकतीस वर्षं सुरतेत, लिंबायतच्या कापड कारखान्यात, तो लूम्सच्या, म्हणजे यंत्रमागांच्या मधे उभा आहे. डॉक्टर म्हणतात, कान गेले. हिलालचं म्हणणं, हल्ली लोकच हळू बोलतात.

फोन गावाहून होता, साक्री तालुक्यातून. वन समितीची सचिव छाया बोलत होती. "काकू, रविवारनी सांजले काठी तुम्हना दारले लागी. तिसरी पाळी शे. कोनी नही उनं ते नाव कटी जाई."

मालतीबाईंनी ते नवऱ्याच्या कानाशी ओरडून सांगितलं. शेजारच्या खोलीतल्या बाईलाही समजलं.

काठीचा नियम साधा आहे. गावात चौसष्ट घरं. संध्याकाळी काठी ज्या दाराशी टेकवलेली दिसेल, त्या घरच्या माणसानं दुसऱ्या दिवशी डोंगर राखायचा. ओळीनं तीन पाळ्या चुकल्या की घर यादीतून जातं. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी परदेशी मदत आली, तेव्हा बोडक्या डोंगरावर चर खणले, बांध घातले, रोपं लावली. हिलालनंही वर्षभर तिथं कुदळ मारली आणि त्याच मजुरीतून सुरतचं तिकीट काढलं. मदत संपली, योजनेची पाटी गंजून पडली, काठी मात्र घरोघर फिरत राहिली. हिलालच्या घरची पाळी त्याची माय करायची. सहा महिन्यांपूर्वी ती गेली. तेव्हापासून काठी बंद दाराशी दोनदा आली आणि तशीच पुढे गेली.

आता त्याच परदेशी लोकांनी डोंगराखालच्या बंधाऱ्यापासून शेतापर्यंत पाइप टाकायला मदत देऊ केली होती. अट एकच: जंगल राखेल त्याला पाणी. यादी काठीच्या वहीवरून होणार होती. हिलालची गावात दीड एकर जमीन आहे. लूम्सवर उभं राहवेनासं झालं की तिथं परत जायचं, हे दोघांचं कधीचं ठरलेलं. पाण्याशिवाय ती जमीन म्हणजे नुसती वाट पाहणं.

हिलालनं दोन दिवसांसाठी बदली माणूस लावला. मालतीबाई पिशवी भरू लागल्या तसा तो म्हणाला, "तू कसाले? पाळी एक माणूसनी ऱ्हास."

"तुम्हले कुऱ्हाड ऐकू ई का?"

डोंगराची राखण डोळ्यांनी कमी, कानांनी जास्त होते, हे त्यालाही माहीत होतं. माय एका पळसाखाली बसून दिवसभर फक्त ऐकायची.

रविवारी सकाळी सुरतेच्या उधना स्टेशनहून गाडी, नंदुरबारहून एसटी. घरी पोचले तेव्हा काठी दाराला टेकलेलीच होती. हिलालनं ती उचलली आणि मुठीपाशी थांबला. पकडायच्या जागेवर चिंधी गुंडाळली होती. मळून काळी झालेली, पण विणीवरून त्यानं ओळखली. त्याच्याच लूमवरचं कापड. कधीतरी उरलेला तुकडा त्यानं मायला आणून दिला होता. ती म्हणाली होती, हे नायलॉन घेऊन मी काय करू?

सोमवारी दोघं डोंगरावर गेले. हिलालला बसवेना. लूम्समधे तुटलेला धागा शोधत फिरायची सवय, तसाच तो झाडांमधून फिरत राहिला. मालतीबाई सासूच्या पळसाखाली बसल्या. एवढी शांतता त्यांनी लग्नानंतर नवऱ्याच्या सोबतीनं कधी अनुभवली नव्हती. सुरतेत भिंतीपलीकडेच लूम्स; नवरा-बायकोचं बोलणं म्हणजे भांडणच वाटावं.

दुपारी नाल्याकडून आवाज आला. टक. टक. मालतीबाई उठल्या, तेवढ्यात वरून हिलाल ओरडला, "मालती! हाऊ चर मन्हा हातना शे! आजून बुजेल नही!"

हिलालचं साधं बोलणंही असंच असतं. डोंगर दणाणला. नाल्यातली टकटक थांबली, दोन माणसं वाळक्या पानांतून पळाली आणि पलीकडच्या गावाच्या दिशेनं गेली. हिलालला यातलं काहीच कळलं नाही. तो चरातली माती चिमटीत घेऊन बघत होता. मालतीबाई वर चढून गेल्या, चर पाहिला, "खोल शे," म्हणाल्या आणि टकटकीचं तेव्हा न सांगता त्याच्याजवळ बसून राहिल्या.

संध्याकाळी छायानं वही उघडली. "आबा, कुऱ्हाडना आवाज उना का?"

हिलालनं तिच्या ओठांकडे पाहून प्रश्न ओळखला. खोटं बोलला असता तर चाललं असतं. साक्षीला बायकोच होती. "माले ऐकू येस नही, पोरी," तो म्हणाला. "काट नाव."

"तुम्हले नही येस," छाया हसू दाबत म्हणाली, "पन तुम्हना आवाज खाले शिवारमा उना. पलीकडना गावना लोक फोन करी इचारतस, कोन नवा राखणदार उना?"

मालतीबाईंनी टकटक कधी आली आणि कशानं थांबली ते सांगितलं. हिलालनं बायकोला पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदाही.

छायानं लिहिलं: आवाज एकदा. थांबवला. घरमाणसाच्या रकान्यात मायचं नाव होतं. ते न खोडता तिनं खाली लिहिलं, हिलाल व मालतीबाई. एका पाळीला दोन नावं, वहीत पहिल्यांदाच.

"दोन्ही लागतस," मालतीबाई म्हणाल्या. "एक ऐकाले, एक वरडाले."

काठी शेजारच्या दाराशी टेकवून दुसऱ्या दिवशी दोघं परतले. बुधवारी हिलाल कामावर आला. कापडाच्या टोकाचा एक तुकडा वाया जाणार होता, तो त्यानं कापून घेतला, घडी घातली आणि डब्याच्या पिशवीत ठेवला. मुठीवरची चिंधी झिजली होती. पुढची पाळी चौसष्ट दिवसांनी.