सत्तावीस नंबरची हजेरी

कोल्हापुरात कॉलेजात असताना माझ्या एका उत्तराने शिवरामची टर्म बुडाली. ही गोष्ट पंचवीस वर्षे मी कोणाला सांगितली नव्हती. बेळगावच्या नव्या कॉलेजातून स्नेहसंमेलनाचे बोलावणे आले, ‘आमचे कॉलेजचे दिवस’ या विषयावर बोला म्हणून, तेव्हा आधी नकारच लिहिला होता. शिवराम तिथून जवळ, शहापुरात माग चालवतो हे मला ठाऊक होते. मग तेवढ्याचसाठी नकार फाडून होकार धाडला.

सकाळच्या मोटारीने निघालो. महायुद्ध संपले तरी पेट्रोल पुरेसे मिळत नव्हते. मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी होती आणि तिच्या गॅसवर ती चालत होती. निपाणीला कोळसा घालायला थांबलो. वखारींतून तंबाखूचा उग्र वास येत होता, मला शिंका आवरेनात. शेजारी बसलेला वखारीतला हमाल म्हणाला, “आमच्या पोरास्नी ह्यो वास न्हाय आला तर शिंका येत्यात.” कुठे चाललात, असे त्याने विचारले. कॉलेजात, म्हणालो. त्याने माझ्या पिकल्या मिश्यांकडे पाहिले आणि म्हणाला, “उशीर केलासा.”

तवंदीच्या घाटात मोटारीचा दम संपला. आम्ही उतरलो, एका वळणावर ती ढकलली, धोतराला काजळी लागली. संकेश्वरच्या पुढे जोंधळा उभा होता. दुपारी बेळगावात पोचलो.

कॉलेजची इमारत साधीच, पण बाकांना अजून वार्निशचा वास होता. दाराजवळच्या फळ्यावर टर्म मंजूर झालेल्यांची यादी लावली होती. मी तिच्यापुढे बराच वेळ उभा राहिलो.

हजेरी पुरी भरली नाही तर टर्म मंजूर होत नसे, आणि टर्म नाही तर परीक्षा नाही. शिवराम माझा खोलीसोबती. पाजणी (मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावण्याचे काम) असली की त्याचे वडील त्याला घरी बोलावीत, कारण त्या कामाला माणसे जास्त लागतात. तो सोमवारी परतत नसे, आणि सत्तावीस नंबर पुकारला की मागच्या बाकावरून मी “येस सर” म्हणत असे. एकदा तास संपल्यावर प्रोफेसरांनी मला एकट्याला खोलीत बोलावले आणि सरळ विचारले, सत्तावीस नंबर वर्गात होता का? माझीच टर्म जाईल या भीतीने मी म्हणालो, “नाही सर. तो सोमवारी कधीच नसतो. दुसरा कोणीतरी ओ देतो.” त्यांनी त्याचे सगळे सोमवार खोडले. फळ्यावर मात्र ‘हजेरी अपुरी’ एवढेच आले. पुन्हा वर्ष काढण्याची त्याच्या घरची ऐपत नव्हती.

संमेलनात मी दुसऱ्याची हजेरी देण्याचे किस्से सांगितले. मुले खूप हसली. शेवटचा किस्सा सांगितला नाही. सगळ्यात मागे एक टक्कल पडलेला माणूस डोळे पुसत हसत होता. तो शिवराम. त्याची मुलगी याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होती.

“हाटेलात उतरतोस व्हय रं? घर हाय की माझं,” म्हणून त्याने माझी पिशवी उचलली. शहापूरच्या वाटेवर तो आपणहून जुन्या गोष्टींवर आला. शेवटच्या पाजणीला वडिलांनी त्याला आठवडाभर ठेवून घेतले होते. टर्म त्या आठवड्यानेच गेली, असे तो धरून चालला होता. “आप्पांना लई टाकून बोललो तवा. त्या दिवसापास्नं त्यांनी मला पाजणीला हाक मारली न्हाय. मी आपला आपण जातो.”

त्याच्या घरी जोंधळ्याची भाकरी आणि पुंडीची (अंबाडीची) भाजी होती. वाढणारी मुलगी माझ्या भाषणातले किस्से पुन्हा सांगत होती.

सकाळी गल्लीत ताणा पसरला होता. एक माणूस कमी होता, म्हणून मला एका टोकाला उभे केले. खळ ओली असताना कोणी जागा सोडायची नसते. शिवराम कुंचा फिरवत माझ्यापाशी आला तेव्हा मी सगळे सांगितले. प्रोफेसरांची खोली, माझे उत्तर, खोडलेले सोमवार. तो एकटा आठवडा टर्म बुडवायला पुरला नसता, हेही.

त्याचा कुंचा थांबला नाही. दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन तो परत आला.

“धर नीट. सैल पडतंय.” मग पुढच्या फेरीला, माझ्याकडे न बघता, “मला सांगून काय उपेग? बोललो ते मी आप्पांना. कट्ट्यावर बसल्यात बघ.”

सूत वाळेपर्यंत मी टोक धरून उभा राहिलो. मग हात न धुताच कट्ट्याकडे गेलो. म्हातारा रहाटावर सुताच्या कांड्या भरत होता. मला पाहून त्याने चाक थांबवले. मी खाली मातीत बसलो.

“आप्पा,” मी म्हणालो, “शिवरामची टर्म तुमच्या पाजणीनं गेली नव्हती. तो वर्गात नसतो असं मी भिऊन सरांना सांगितलं, म्हणून गेली. त्यानं तुम्हाला जे बोल लावले ते माझ्या वाट्याचे होते. मला माफ करा.”