यादीतलं बारावं नाव

मी एका जिवंत माणसाला मृतांच्या यादीत छापलं. माझी पहिली कादंबरी तिथून सुरू झाली. पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर 'लेखिकेला लहानपणापासून अद्भुत कथांची ओढ' असं छापलंय, ते धादांत खोटं आहे. धुळ्याच्या आमच्या घरात सकाळची वंदना झाली की वडील पेपर मोठ्याने वाचायचे आणि मधेच थांबून विचारायचे, "हे कोण म्हणतंय? पुरावा काय?" अशा घरात उडता घोडा दोन मिनिटं टिकला नसता.

मी पत्रकं लिहायचे. जळगावात एका कामगार संघटनेच्या ऑफिसात बसून, एका हाताने जेवत, एका हाताने टाईप करत. पहिल्या ओळीत आरोप, शेवटी मागण्या, मधे माणसं. वाक्य एवढंच, की मोर्चात चालता चालता वाचता यावं.

एक कारखाना होता. दगड दळून त्याची पांढरी पूड करायचा. कुठला ते लिहीत नाही, खटला अजून चालू आहे. तिथले कामगार संध्याकाळी घरी येत तेव्हा पापण्यांपर्यंत पांढरे असत आणि बायका त्यांचे शर्ट दाराबाहेर भिंतीवर आपटून मग आत घेत. ही पूड छातीत बसते आणि तिथेच राहते. चाळिशीतली माणसं जिना चढेनाशी झाली, मग बोलेनाशी झाली, मग गेली. दवाखान्याच्या कागदांवर सगळ्यांना टीबी. डॉक्टरला विचारलं, हा काम काय करत होता हे तुम्ही लिहिलंय का? तो म्हणाला, "तो कॉलमच नाही." मी अजून चिडलेली आहे त्या वाक्यावर.

आम्ही अकरा नावं गोळा केली. प्रत्येक घरी मी स्वतः गेले, दाखले पाहिले, फोटो घेतले. बारावे नाना. नाना म्हणजे माझे कुणी नव्हेत. गावात सगळेच त्यांना नाना म्हणत. ते मेलेले नव्हते. सिव्हिलमध्ये ऑक्सिजनवर होते. मोर्चा सोमवारी. गुरुवारी मी त्यांना बघून आले तेव्हा डॉक्टर घरच्यांना म्हणत होते, घरी न्या आता. शनिवारी प्रेसवर प्लेट करायची वेळ आली आणि टाईप करणाऱ्या पोरीने विचारलं, "ताई, नाना टाकायचे का? सोमवारपर्यंत काही राहत नाहीत ते."

मी म्हणाले, "टाक."

कुणी सांगितलं नव्हतं. घाई होती, यादी बाराची भरीव दिसत होती, आणि ते मरणार हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या नावाआधी 'कै.' मी सांगून लिहून घेतलं.

सोमवारी कलेक्टर ऑफिससमोर बारा नावं वाचली गेली. प्रत्येक नावानंतर लोक मुठी वर करून गप्प उभे राहिले. नानांच्या नावालाही राहिले. त्याच वेळी नाना घरी, खाटेवर, उशाला टेकून अर्धी भाकर दुधात कुस्करून खात होते. ताप उतरला होता. दम तसाच होता, पण माणूस परत आला होता.

पत्रक पाचोऱ्याच्या बाजारात पोचलं, तिथून त्यांच्या बहिणीच्या गावी. बहिणीने सुतक धरून अंगावरून पाणी घेतलं आणि घरच्या बायकांना घेऊन दुसऱ्या दिवशी दारावर आली. दारावर येणं म्हणजे मयताच्या घरी रडायला येणं; आमच्या खानदेशात बायका गावाच्या तोंडापासून गळा काढत येतात. तशाच आल्या. अंगणात नाना शेंगा सोलत बसलेले.

हे मला त्यांनीच सांगितलं, फोनवर. अनोळखी नंबर, आधी नुसता श्वास, आणि मग: "मी बोली राहिनू. तुमनी यादीमधला. बारा नंबर."

मी हातातला चहा खाली ठेवला.

"बहीन बेस रडनी," ते म्हणाले. "राखीले कधी इतली रडनी नही. मी म्हटलं, चहा ले, तर म्हणे दारवर ऊनेल माणूस चहा नही पेस." हसायला गेले आणि खोकला लागला. तो खोकला संपायची मी वाट बघत राहिले. आजही बघते. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. एसटीत, दुपारी, खिडकीशी कुणी खोकलं तर तो थांबेपर्यंत माझ्याकडून पुढचं वाक्य वाचलं जात नाही.

मी गेले. जळगाव-धुळे गाडीने, फाट्यावर उतरून चार किलोमीटर पायी. माफी मागितली. नाना म्हणाले, माफी ठेव, खुलासा छाप. पुढच्या पत्रकात दोन ओळी, मी जिवंत आहे. कारण रेशन दुकानावर लोक चेष्टा करत होते, एकाने तर हात लावून बघितलं, आणि नानांच्या बायकोला, अक्काला, बचत गटातल्या बायका विचारत होत्या की कुंकू लावतेस ते कसं. त्यांचं मागणं एवढंच होतं. मी हो म्हणाले.

आमच्या संघटनेचे प्रमुख, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, ते नाही म्हणाले. "खुलासा छापला की मालकाचा वकील बाराच्या बारा नावं खोटी ठरवेल. अकरा घरांचं काय करशील?"

"पण ते जिवंत आहेत, भाऊ."

"किती दिवस?"

मी भांडले. पुरेशी भांडले नाही. भाऊ म्हणाले, सुनावणी होऊन जाऊ दे, मग छापू. सुनावणी पुढे गेली. मग परत पुढे गेली.

त्या दिवसांत मी लिहायला लागले. पत्रक लिहिताना नावांची यादी आली की बोटं थांबायची, म्हणून दुसरं काहीतरी लिहीत बसायचे. त्यात एक गाव आलं. ज्यांचं नाव मरणाआधी मृतांत लिहिलं गेलं त्यांचं गाव. त्यांना पुढे जाता येत नाही कारण ते मेलेले नाहीत, मागे येता येत नाही कारण कागद तसं म्हणतो. गावाचं नाव मी ठेवलं अलीकड. तिथे कायम दुपारचे तीन वाजलेले. एप्रिलमधले जळगावचे तीन, जेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. सगळ्यावर पांढरी पूड: पानांवर, पाण्यावर, झोपलेल्यांच्या पापण्यांवर. सावल्या जागच्या हलत नाहीत, म्हणून लोक आपली सावली सोडून पुढे चालतात आणि ती मागे पडलेली असते. कुणी कुणाला नावाने हाक मारायची नाही, कारण नाव आधीच पुढे गेलंय.

परतायची वाट एकच. ज्याने नाव लिहिलं त्याने गावच्या वेशीवर येऊन, चारचौघांत, मोठ्याने म्हणायचं की मी खोटं लिहिलं.

हे मी बसून रचलं नाही. नियम एकामागून एक आले, आणि प्रत्येक नियम कुठून आला ते मला माहीत होतं.

नानांकडे मी महिन्यातून दोनदा जायचे. खुलाशाचं काय, ते विचारायचे. मी सुनावणीचं सांगायचे.  एकदा तेही सांगवेना, म्हणून मी अलीकड गावाचं सांगितलं. नाना डोळे मिटून ऐकत होते.

"तठे चहा भेटस का?"

मी विचार केला नव्हता. म्हणाले, नाही बहुतेक.

"मग कसानं गाव शे ते! लिख, भेटस. पण गोड लागत नही."

तो नियम कादंबरीत आहे. असे बरेच आहेत. अलीकडला राजा नको, ते म्हणाले, राजा कुणी पाहिलाय. तिथे एक कारकून असेल, आणि त्याच्या खिडकीवर कायम 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी असेल. गावात एसटी येते पण थांबत नाही. कंडक्टर हात करतो फक्त. अक्का चुलीपासून म्हणाल्या, "दोन्ही जण येडा व्हई ग्यात," आणि थोड्या वेळाने तिथूनच विचारलं, त्या गावात बायका आहेत का, आणि असतील तर शर्ट कोण झटकतं?

मला ते उत्तर द्यायला सत्तर पानं लागली.

पहिला खर्डा पुण्याच्या एका संपादकांना पाठवला. त्यांनी कळवलं, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मागण्या आहेत. खरंच होत्या. खलनायक तीन पानं भाषण करत होता आणि नायिका मुद्देसूद उत्तर देत होती. "पत्रकाला पंख लावलेत तुम्ही," असं लिहिलं होतं. मी दोन दिवस शिव्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी मागण्या काढल्या. दुसऱ्या कुणी सल्ला दिला की खानदेशी कल्पनाविश्व आहे तर केळी, भरीत असं काही येऊ द्या. त्याला मी उत्तर पाठवलं नाही. संपादकांनी आणखी एक विचारलं होतं: तुमची सगळी पात्रं चार-चार शब्दांवर वाक्य का तोडतात?

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नाना एका श्वासात चार शब्द बोलायचे. पुढे तीन. मी अख्खी कादंबरी त्यांच्या फुप्फुसाच्या मापाने लिहिली होती. ते मी बदललं नाही.

शेवटचं प्रकरण झालं तेव्हा छापील कागद घेऊन गेले. लेखनिक मुलगी वेशीवर येते, ओरडून सांगते, खोटं लिहिलं मी, आणि म्हातारा आपली मागे राहिलेली सावली उचलून घरी निघतो. मी वाचून दाखवलं. अक्का पदराने डोळे पुसत होत्या. मला वाटलं झालं, आता मोकळी झाले.

नाना छताच्या पत्र्याकडे बघत होते. मग म्हणाले, तीन शब्द, श्वास, तीन शब्द: "बेस लिखं, माय... गोष्टमा जित्ता करं... पत्रकमा कव्हय करशी?"

तुझ्या त्या पोरीने वेशीवर येऊन सांगितलं, तू कधी सांगणार, असं ते म्हणत नव्हते. म्हणायची गरज नव्हती. मी तीनशे पानं खर्चून एका कल्पित मुलीकडून ते वाक्य म्हणवून घेतलं होतं, कारण मला दोन ओळी छापायची हिंमत नव्हती. पत्रकं वाटणारी मी. कलेक्टरच्या तोंडावर बोलणारी मी.

मी म्हणाले, या महिन्यात नक्की.

त्या महिन्याच्या अखेरीला नाना गेले. चुकीच्या यादीनंतर आठ महिने जगून.

आणि मग जे झालं ते मला सगळ्यात जास्त छळतं. ऑफिसात कुणीतरी जुन्या पत्रकांचा गठ्ठा कपाटातून काढला आणि पुढच्या सभेला वाटला. काही बदलायची गरज नव्हती. यादी आता खरी होती. लोकांनी बारा नावांना मुठी वर केल्या, आणि मी त्यांच्यात उभी राहून नानांच्या नावाला माझा हात किती वर गेलाय ते बघत होते.

कादंबरी निघाली. जळगावात छोटा कार्यक्रम झाला. प्रश्न आला, हे जग सुचलं कसं? मी म्हणाले, लहानपणापासून गोष्टींची आवड. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत कुणी खोकलं. मी थांबले. लोकांना वाटलं मी भारावले.

दुसऱ्या दिवशी भाऊंना सांगितलं, खुलासा छापतेय, स्वतःच्या नावाने. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माणूस गेल्यावर तो जिवंत होता हे छापून कुणाला काय मिळणार?"

"माहीत नाही."

"वकील फाडून खाईल."

"यादी छापली तेव्हा आजारी होता, आठ महिन्यांनी गेला, कशाने गेला ते त्याच्या छातीत आहे. खाऊ दे."

"छाप," ते म्हणाले. "संघटनेचं नाव खाली नको."

अक्काकडे गेले. दारावर जायचे दिवस कधीच उलटून गेले होते. त्या दारातच बसल्या होत्या. "आते ऊनी का?" म्हणाल्या आणि सरकून जागा केली. मी सांगितलं काय छापायचंय ते. त्या म्हणाल्या, नाव नको. एकदा छापलंस तेवढं पुरे. गावाला कळेल कोण ते.

म्हणून पत्रकात नाव नाही, आणि इथेही नाही.

मी वही काढली. पहिली ओळ लिहिलेली होती: यादीतला बारावा माणूस त्या दिवशी जिवंत होता, तो गेला हे खोटं मी लिहिलं. खाली काय लिहू, मी विचारलं. मला वाटलं होतं एक-दोन वाक्यं सांगतील. अक्का सांगत गेल्या. त्या आठ महिन्यांत नानांनी खाटेची नवार उकलून परत विणली, दोन दिवस लागले, दर चार पट्ट्यांना थांबून. बहिणीच्या गावी जाऊन आले, ती चहा देईना, म्हणून स्वतः करून प्याले. मिरच्यांना पाणी दिलं. कारखान्याच्या सुपरवायझरला रस्त्यात अडवून म्हणाले, बघ, मेलेला माणूस बोलतोय, आणि तो पळाला. शेजारणीशी भांडले. नव्या चपला घेतल्या, त्या चावल्या. एकदा भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवलं, मग परत ओढून घेतलं.

"हेही लिहू?"

"जित्ता माणूस ताट सरकावस," अक्का म्हणाल्या. "लिख."

पान संपलं. मी म्हणाले, अक्का, कागद भरला.

त्यांनी माझ्या हातातून वही घेतली, पान उलटून बघितलं आणि परत दिली.

"मांगली बाजू कोरी शे ना?"