सरहद्दीवर अडलेली शेळी

माझ्या हातून झालेला सगळ्यात मोठा मूर्खपणा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं तुम्हाला हसू दाबत वाचायला नको. परक्या मुलखाच्या सरहद्दीवर, चोरून चाललेल्या गाडीत, मी एका शेळीचं बाळंतपण केलं. त्यापायी माझ्यासकट चार बाया पकडल्या गेल्या.

तेव्हा मी पन्नाशीला टेकलेली, नवरा वारलेला, आणि स्वतःला लय शहाणी समजणारी. माझा बाप मेंढरं राखायचा. तो म्हणायचा, “ह्या पोरीचे पाय मेंढराचे हायत, एका रानात टिकायचे न्हाईत.” मला ते कौतुकच वाटायचं! मानवतला एक एजंट यायचा. दुबईला व्हिजिट व्हिसावर उतरायचं, तिथून शेजारच्या देशात घरकामाला लावून देतो, म्हणाला. कागद इंग्रजीत. सासू म्हणाली, “सही करायच्या आदी कुनाला तरी वाचाया दे.” मी सातवी पास, मी कशाला कुणाला देते! सही अशी झोकात केली की शेवटच्या अक्षराला शेपूट काढलं.

देवगाव फाट्यावर सकाळी जीप आली. सासू पोचवायला आली नाही, शेळ्या सोडायची वेळ होती. जीपमध्ये चौघी. त्यातली रुक्मीन पाथरीकडची, पंचविशीची, नवऱ्यानं टाकलेली. तिची सहा वर्षांची लेक आजीचा पदर धरून रस्त्याच्या कडेला उभी होती. त्या लेकीला परभणीला ठेवून शिकवायचं, एवढ्यासाठी रुक्मीन निघाली होती. मी मात्र, खरं सांगते, विमान बघायला निघाले होते.

विमानतळावर काय बोलायचं ते एजंटनं घोकून घेतलं होतं: बहिणीकडं पंधरा दिवस पाहुणी चालले. चौघींची बहीण एकच, आणि तिचं नाव चौघींनी चार सांगितलं. तरी शिक्का पडला. मला वाटलं, काय आपली हुशारी!

दुबईत उतरल्यावर तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, शेळ्यांच्या गाडीत मागं आम्हाला आडवं पाडून वर ताडपत्री ओढली. खोकायचं नाही, हलायचं नाही. सरहद्दीच्या चौकीवर गाडी थांबली. शिपाई पुढं ड्रायव्हरचे कागद बघत होता, आणि माझ्या डोक्याशी एक शेळी ओरडली. कळा देणारी शेळी कशी ओरडते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ते ऐकत पडून राहता येत नाही. पहिल्यांदा ओरडली तेव्हा मी दात आवळले. दुसऱ्यांदा ओरडली तेव्हा कळलं, पिल्लाचा पाय मागं दुमडलाय. रुक्मीननं माझा दंड धरला. “आक्का, न्हाई. तुला माज्या लेकीची आन हाय.”

तिसऱ्यांदा ओरडली आणि मी ताडपत्री सारून उठले, बाह्या वर केल्या.

शिपाई धावत आला. मी त्याला सरळ मराठीत म्हटलं, “बघतूस काय, शिंगं धर!” आणि त्यानं धरली की! तोही शेरडाकरडांतच वाढलेला असणार. मी दुमडलेला पाय हलकेच पुढं घेतला, पिल्लू ओढलं, नाक पुसून फुंकर मारली. ते ओरडलं. शिपाई हसला, मी हसले. मग त्यानं ताडपत्रीखाली बघितलं.

तीन आठवडे कोठडीत काढले, मग परत पाठवणी. हैदराबादला उतरल्यावर रुक्मीन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, “तुज्या त्या शेळीनं माज्या लेकीची शाळा खाल्ली.” आणि पाठ फिरवून गावाकडची गाडी धरायला गेली.

मी गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार? माझा पोरगा तेव्हा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर होता. त्याच्या पत्र्याच्या खोलीत दोन दिवसांसाठी शिरले, ती आजतागायत इथंच. बोलायची अडचण पडली नाही, आपल्याकडचे निम्मे शब्द इथं आधीच येऊन बसलेले. ज्वारीच्या भाकरीला जोन्न रोट्टे म्हणायला शिकले, नातवंडं मोठी केली. पण बकरी ईदच्या आधी रस्त्यावर बोकडांचे कळप उतरले की पायाला मुंग्या येतात. गावी जाते तर तिसऱ्या दिवशी हैदराबाद आठवतं. इथं आले की रान.

रुक्मीन वर्षाच्या आत पुन्हा गेली. एजंट दुसरा, वाट दुसरी, व्हिसा तोच. निघताना फोन केला, “आक्का, ह्या बारीला मधी पडू नकूस.” नाही पडले. ती पोचली. दोन महिने फोन आले, मग बंद. पाच वर्षं बंद.

मी नातीकडून अर्ज लिहून घेऊन कचेऱ्या हिंडले. सगळीकडं एकच प्रश्न: बाई कोणत्या व्हिसावर गेली? व्हिजिट म्हटलं की फाईल मिटायची. कागदावर ती कामाला गेलीच नव्हती. पाहुणी गेलेली बाई पाच वर्षं कुणाच्या घरी भांडी घासतेय, हे कोण लिहून घेणार? शेळीसाठी उठले तो मूर्खपणा, हे मला कळत होतं. पण दुसऱ्या बारीला गप बसले, ते काय होतं?

आता गावातली पोरं फोनवर एजंटांचे व्हिडिओ पाठवतात. “आज्जी, हे खरं हाय का? व्हिजिटवर जा म्हनायलेत, फुडचं तिथं बघू.” मी एवढंच विचारते, तिथं काही झालं तर तू कोण म्हणून सापडशील बाबा, कामगार की पाहुणा? काही जण विचार करतात. काही जण मला ब्लॉक करतात.

मागच्या उन्हाळ्यात रुक्मीन आली. गावी जायच्या आधी माझ्याकडं. मालकिणीनं पासपोर्ट कपाटात ठेवलेला, आणि घरातले बाहेर निघाले की दाराला बाहेरून कुलूप. शेजारच्या घरी कामाला असलेल्या एका बाईनं आपल्या वकिलातीत कळवलं, तेव्हा सुटली. लेक सातवीत गेली होती, आजीजवळच राहून.

मी भाकरी-ठेचा वाढला आणि शिव्यांची वाट बघत बसले. तिनं दिल्या नाहीत. निवांत जेवली, ताट धुतलं. दुपारची वेळ, घरातले सगळे कामावर. मी चटई अंथरली आणि शहराच्या सवयीनं दाराला आतून कडी घातली. ती आडवी झालेली, उठून बसली.

“आक्का, कडी काढ बगं. मी कुटंच जायले न्हाई. नुस्तं दार उगडं दिसलं की मला झोप लागंल.”