पुलापर्यंत जाऊन या

देवपूरमध्ये पांझरेच्या पुलाजवळ तो दोरीवर बॅगा टांगून बसतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. वयाने मोठा असूनही तो मला भाऊ म्हणतो. मी शाळाशाळांतून पुस्तकांचे नमुने दाखवत फिरतो. वर्षाला एक बॅग फाटतेच, आणि महागातली परवडत नाही.

गिऱ्हाईक आलं की तो आधी त्याच्या शर्टाचा कुठला खांदा विरलाय ते बघतो. मग बॅगेच्या पट्ट्यातला फोम अंगठ्याने दाबतो. तो फुगून वर आला नाही, तर बॅग परत दोरीवर. आला, तर शेजारच्या किराणावाल्याची लोखंडी मापं आत टाकून म्हणतो, "पूलपावत जाई या. रिकामी बॅग बठ्ठासले हलकीच लागस." रिकामी बॅग सगळ्यांनाच हलकी लागते म्हटल्यावर लोक हसतात, पण जाऊन येतात.

परवा मी यावलहून आलो तो थेट त्याच्याकडेच. म्हटलं, आज मापं नकोत, पुस्तकंच आहेत. त्याने ती सगळी नव्या बॅगेत भरली, मला स्टुलावर बसवलं आणि बॅग स्वतःच्या पाठीवर घेतली. मी नको नको म्हणेपर्यंत तो पुलाकडे निघालासुद्धा.

परतला तेव्हा त्याला धाप लागली होती. बॅग खाली ठेवून तो बराच वेळ नुसता पट्टे लांब-आखूड करत राहिला.

"बॅग चांगली शे," शेवटी म्हणाला. "पन भाऊ, दुसरं काम नही भेटस का?"

मी बॅग पाठीवर चढवली आणि पुढच्या शाळांसाठी पाचोऱ्याची गाडी किती वाजता असते, ते त्याला विचारलं.