कमान उतरव

आमच्या दानिएलदादाच्या हाताला यश आहे, असं सगळं शिरूर म्हणतं. त्या हाताला राग किती आहे, ते आम्हा घरच्यांना विचारा. मेणाच्या नळकांड्यांवर वाजणारे जुनेपुराणे फोनोग्राफ पुण्याचे शौकीन त्याच्याकडे आणतात. दाते झिजलेलं चक्र तो लेथवर नवं कापतो आणि मेलेलं यंत्र गायला लागतं. पण एखादा स्क्रू हरवला की पक्कड भिंतीवर जाते. समोर माणूस असला तर माणसावर. आधी फटका, मग चौकशी.

धाकटा स्टीफन दौंडला रेल्वेत आहे. रविवारी येऊन तो आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवायचा आणि नंतर दादाला हातभार लावायचा. मी त्यांची मधली बहीण, दोघांच्या मधे पडणारी.

त्या रविवारी एका फोनोग्राफचा आतला सांगाडा वरच्या फळीवर होता. लेथवरून दादा ओरडला, "स्टीफन, कमान उतरव रे!"

चावी दिली की डब्यातली पोलादी पट्टी आवळते, ती कमान. डबा उघडण्याआधी तिचा ताण सावकाश सोडायचा, त्याला दादा उतरवणं म्हणतो. हे स्टीफनला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने कमानीसकट सांगाडा जपून टेबलावर ठेवला.

"उतरवली का?"

"व्हय दादा, उतरवली."

दादाने डब्याचं झाकण उचकटलं. कमान उसळली आणि त्याचा तळहात, गाल चिरत गेली. रक्त भिंतीवर उडालं. दादाने जखमेकडे पाहिलंही नाही. चावी द्यायचं लोखंडी हँडल उचललं आणि "खोटं बोलतोस?" म्हणत भावावर हाणलं. स्टीफनने तोंड वाचवायला उजवा हात पुढे केला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. दादा मारतच राहिला. मी त्याच्या दंडाला लोंबकळले, घरातून धावत आलेल्या हेलनवहिनीने केस धरून त्याला मागे ओढलं.

"तूच म्हनलास उतरव," स्टीफन भुईवरून कळवळला. "म्या फळीवरनं उतरवली न्हवं!"

तेव्हा कुठे दादाच्या हातातलं हँडल पडलं.

स्टीफनची बोटं वाकडीच जुळली. चर्चमध्ये आता गीतं पेटीशिवाय होतात. मला दादाचा अजून संताप येतो.

नाताळात स्टीफन आला. त्याला जवळ घ्यायला दादाने हात उचलला, तर त्याने डोळे मिटून वाकडी बोटं तोंडापुढे धरली.

"न्हाई रे, मारत न्हाई," दादा म्हणाला. पण वर गेलेला हात कुठे उतरवावा, ते त्याला कळेना.