खारी पेज

१९८४, होळीनंतरचा रविवार. पैज पाचशे रुपयांची. आमच्या बाजूनं अडीचशे माझे, अडीचशे मेव्हण्याचे. मूलला तांदळाच्या गिरणीसमोर पैसे ठेवले तेव्हा मी, मेव्हणा आणि ज्याच्याशी पैज लावली तो टांगेवाला, एवढेच हजर होतो. मूल ते चंद्रपूर, ज्याचा टांगा आधी पोचेल त्याची पैज. आमच्या टांग्याची घोडी माझी आणि मेव्हण्याची, निम्मी निम्मी.

पाण्याचं मी आधीच ठरवून दिलं होतं. वाटेत थांबलो की पहिले सादं पाणी. ती पोटभर प्याली तरच मीठ-गुळाचं. नाही प्याली तर मीठ द्यायचं नाही. घामावाटे मीठ जातं हे खरं, पण तहानलेल्या जनावराच्या पोटात नुसतं मीठ गेलं तर ते अंगातलं उरलंसुरलं पाणीही ओढून घेतं. गुरांच्या डॉक्टरांनी मला हे बजावून सांगितलं होतं आणि मी ते मेव्हण्याला.

चिचपल्लीच्या अलीकडे थांबलो. घोडीच्या मानेवर घाम वाळून पांढरा पडला होता. बादली पुढे केली. तिनं ओठ लावले आणि मान फिरवली. मी पाणी चाखलं. खारट.

"मीठ कोणं टाकलं?"

"मीच टाकलं, पाण्याच्या दोन्ही डब्यांत," मेव्हणा म्हणाला. "बैलाले खारी पेज देतो का नाई आपण? गटागटा पितात."

"हा बैल आहे का?"

"मंग नळीनं पाजू. धरा तिचं तोंड."

मी धरलं नाही. मागचा टांगा घंटी वाजवत पुढे गेला.

"पाहा, गेला तो. तुमी इथी मापं काढत बसा, भाऊजी."

डबे रस्त्यावर ओतले आणि गावातल्या विहिरीवरून पाणी आणलं. घोडी प्याली, थांबली, पुन्हा प्याली. मग थोडं मीठ-गुळाचं दिलं आणि तिला चालवतच चंद्रपूरला नेलं.

सासरी एकच बोलणं झालं: भाऊजीनं पैज बुडवली. घोडी कशी आहे, हे माझ्या बायकोनंही विचारलं नाही. आठवड्यानं मेव्हणा आला. "माह्या हिश्श्याची घोडी लाकडाच्या ठेकेदाराले देतो. तो लाकडं ओढून घेते तिच्याकडून."

पैजेचे पाचशे त्या टांगेवाल्याला गेले. मेव्हण्याला मी पैजेतले त्याचे अडीचशे आणि निम्म्या घोडीचे सातशे, असे साडेनऊशे दिले. त्यानं ते दोनदा मोजून घेतले.