दसरूचा साधू अन् चाचाची चमेली

टांग्याच्या स्टँडवर दोन गोष्टी कधी संपत नाहीत भाऊ, लीद अन् किस्से! सकाळी झाडून साफ करा, संध्याकाळी पुन्हा ढीग! गोंदिया टेसनासमोर मी इतकी वर्षं टांगा हाकलला, सारा इंग्रजाच्या राजातला काळ. लीद गेली लोकांच्या धानाच्या बांधीत खत म्हणून, किस्से राहिले माझ्याजवळ. आज एकाच घोड्याचे सांगतो. साऱ्यायचे सांगत बसलो तर चहा थंडा होईन!

घोड्याचं नाव साधू. मालक दसरू.

दसरू आधी सालेकसाकडं एका मालगुजाराच्या घरी सालदार होता. म्हणजे वर्षभर त्याचाच नांगर, त्याचेच बैल अन् त्याच्याच शिव्या! तीन सालं राबला अन् मजुरीच्या बदल्यात त्याचं तीन वर्षांचं शिंगरू मागून घेतलं. लाल आंग, कपाळावर पांढरा टिळा, असं देखणं का पाहतच राहावं! मालगुजारानं त्याले नुकतंच खच्ची करून घेतलं होतं. निघताना म्हणे, "ने, आता ही गाय झाली. अन् टांगा नाही जमला तर ये वापस. तुझा नांगर तथीच उभा आहे."

हे दसरूच्या काळजाले लागलं होतं. स्टँडवर आला त्या दिवशी मले म्हणते, "सोमा, मरीन पन त्या नांगराले पुन्हा हात नाही लावीन! अन् घोडा तर एकदम थंडा आहे गा. म्हणून नाव साधू ठेवलं."

तेवढ्यात रहमान चाचाची घोडी आली. चमेली! पांढरीशुभ्र, गळ्यात घुंगरांचा पट्टा, चाल अशी का जशी कोण्या मालगुजाराची सून मंडईच्या जत्रेले निघाली!

साधूनं मान वर केली. वरचा ओठ उलटा केला, सारे दात दाखवले, अन् असा खिंकाळला का टेसनमास्तरनं खिडकीतून डोकं काढलं! मंग मागच्या दोन पायावर उभा! टांग्यात मागं एक जाडा किराणावाला बसला होता, तो सरकत सरकत गेला अन् धप्पकन खाली.

बसल्या जागेवरूनच त्यानं विचारलं, "दसरू, तुझा साधू कोनत्या आखाड्याचा आहे गा?"

*

आता स्टँडचा एक कायदा होता. अंडील घोडा, म्हणजे खच्ची न केलेला, स्टँडवर चालत नव्हता. रांगेत सात-आठ घोड्या उभ्या राहत. त्यात एक नर घुसला का टांग्यावर टांगा चढलाच समजा! रहमान चाचा स्टँडचा चौधरी. त्याची दाढी हलली का आमच्या माना हलत.

"दसरू, तेरा घोडा नर है."

"नाही हो चाचा, खच्ची आहे. आईची आन!"

"आन मत दे. दिखा!"

झालं! सारं स्टँड साधूभोवती जमलं. इकडून मी वाकलो, तिकडून चाचा वाकला, पानवाला दुकान सोडून आला अन् तो बी वाकला. साधू गवत खाऊन राहिला, अन् आम्ही सात मानसं त्याच्या पोटाखाली! तेवढ्यात पॅसेंजर आली. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी आमच्याजवळ थांबली.

"काय हरवलं गा बाप्पा? मी बी शोधू का?"

मी म्हटलं, "हरवलं घोड्याचं आहे माय! आम्ही फक्त खातरी करून राहिलो!"

म्हातारी पदरात तोंड घालून पळाली. चाचा कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाला. दाढी खाजवली अन् निकाल दिला, "है तो बधिया, खच्ची. लेकिन इसको किसी ने बताया नहीं!"

मंग दसरूले मुदत दिली. पोळ्यापर्यंत घोडा सुधरला तर ठीक, नाही तर स्टँडवरून टांगा काढायचा. दसरूचं तोंड एवढंसं झालं. त्याले टांगा दिसून नव्हता राहिला, नांगर दिसून राहिला होता!

*

मंग इलाज सुरू झाले. ज्यानं जन्मात बकरी पाळली नव्हती तो बी दसरूले इलाज सांगे! कोनी म्हणे लिंबाचा पाला चार, कोनी म्हणे भांग पाज. मी म्हटलं, "अबे, घोडा वासावर जाते. नाकाले कापूर चोळ. चमेलीचा वासच नाही आला तर खिंकाळन कायले?"

इलाज खोटा नव्हता बरं! माझ्या आज्यानं सांगतलेला होता. फक्त कापूर किती लावायचा हे मी सांगतलं नाही. दसरूनं एवढा लावला का साधूजवळ उभं राहिलं तर देवळात उभं राहिल्यासारखं वाटे!

त्या दिवशी सालेकसाकडचे एक पटेल गाडीतून उतरले. जुने पवार शेतकरी, पांढरा फेटा, कोरं धोतर. मुर्रीले पोरासाठी पोरगी पाहाले निघाले होते. दसरूच्या टांग्यात बसले. दसरूनं लगाम हलवला अन् साधू शिंकला. "फुर्र्र्र!"

पटेल खाली उतरले. निघताना शिंक झाली, तर जायचं कसं? पाच मिनिटं बसले, पानी पिले, पुन्हा चढले. लगाम हलला. "फुर्र्र्र!" पुन्हा खाली! पुन्हा पानी! असं पाच वेळा झालं. पटेलाच्या पोटात पानी मावेना.

शेवटी पटेलानं आमच्या स्टँडवरच्या भटजीले विचारलं, "महाराज, घोड्याची शिंक धरते का नाही धरत?"

भटजीबी बेरकी! म्हणते, "पटेल, नवरदेव घोड्यावर बसून जाते का नाही? मंग घोड्याचं मत धराच लागते!"

पटेल पुढच्या गाडीनं वापस गेले! अन् खरी गंमत पुढंच आहे. महिनाभरानं त्यायले समजलं का त्या पोरीनंच त्यायच्या पोराले आधी नाही म्हणून ठेवलं होतं. दिवाळीत येऊन त्यायनं साधूले पायलीभर चना चारला. म्हणे, "घोड्यानं माझा फेटा वाचवला!"

*

दसरूची बायको सखू. दिसायले काडी, पन बोलली का झाडावरचे पाखरं उडत. तिनं कापराचा किस्सा ऐकला अन् स्टँडवर येऊन मले म्हणते, "सोमा भाऊजी, तुमच्या आज्याचा इलाज तुमच्या नाकाले लावू का?"

अन् नवऱ्याले घेऊन सीधी ढोराच्या दवाखान्यात गेली. मी बी गेलो. पाहाले पाहिजे न बाप्पा!

डाक्टर भला मानूस. त्यानं साधूले सारं तपासलं अन् म्हणला, "खच्ची बरोबर झाला आहे, आत काही राहिलं नाही. पन आंगातली गरमी लगेच उतरत नाही. दोन-तीन महिने लागतात. अन् हा तीन वर्षं नर म्हणून वाढला, ती सवय आहे."

दसरूनं भीत भीत विचारलं, "जाते का साहेब ते सवय?"

"काहींची जाते. काहींची मरेपर्यंत जात नाही."

सखू म्हणते, "मानसासारखंच आहे मंग!"

डाक्टर असा हसला का हातातली नळी खाली पडली. मंग त्यानं नीट समजावून सांगतलं. घोडीजवळ बांधू नका. रोज सकाळी चांगला फिरवा, रिकामा ठेवू नका. मान वर केली, ओठ उलटा केला, का लगेच एक गोल फिरवा अन् चार पावलं मागं घ्या. गुमान उभा राहिला तर मानेवर थोपटा. मारू मात्र नका, मार खाल्लेला घोडा अजून बिथरते.

दसरू अर्धं विसरला. सखू काहीच नाही विसरली. रोज सकाळी साधूले तलावाच्या पाळीवरून फिरवे. त्यानं मान वर केली का गोल फिरवे, चार पावलं मागं! पुन्हा मान, पुन्हा गोल! आमच्या स्टँडवरचा एक जन म्हणला, "वहिनी, दोन चाबूक ठेवून द्या न!"

"कायले मारू? बहिरा आहे का तो?"

*

अन् साधू सुधरून बी राहिला होता! पोळा आठ-दहा दिवसांवर आला. मले करमेना. आता खरं सांगतो, पुढचं पाप माझं.

चमेलीच्या घुंगरांच्या आवाजानं साधूचे कान टवकारतात, हे मी पाहून ठेवलं होतं. एका दुपारी चाचा झोपला होता. मी चमेलीच्या गळ्यातला पट्टा काढला अन् टपालवाल्याच्या सायकलीखाली बांधला!

टपालवाला निघाला. छुन छुन छुन! साधूचे कान उभे! टांग्यात वकीलसाहेब बसले होते, काळा कोट, हातात कागदायचा गठ्ठा, कचेरीत जायची घाई. दसरू लगाम डावीकडं ओढे, साधू उजवीकडं जाये! सायकलीच्या मागं टांगा! टपालवाल्यानं मागं पाहिलं, घोडा दात काढून येऊन राहिला! त्यानं पायडल मारलं, तर घुंगरं अजून जोरात!

तो गल्लीत घुसला, साधू गल्लीत! तो बाजारात, साधू बाजारात! टपालवाला कर्तव्याचा पक्का, भीत भीत बी एकेका घरापुढं थांबे अन् चिठ्ठी फेके. तो थांबला का साधू थांबे. एका बाईनं तर दारातूनच वकीलसाहेबाले विचारलं, "आता टपाल टांग्यानं येते का? आमच्या पोराची चिठ्ठी नाही का वो साहेब?"

तासाभरानं टांगा स्टँडवर वापस आला. कचेरीतला पुकारा होऊन गेला होता. वकीलसाहेब उतरले, कोट झटकला अन् म्हणले, "वकिली राहिली बाजूले! साऱ्या गावाची चिठ्ठी वाटून आलो मी!"

सारं स्टँड पोट धरून हसलं. दसरू नाही हसला. कारन वकीलसाहेब तसेच टांग्यायचे परवाने देणाऱ्या पाहणीवाल्या साहेबाकडं तक्रार घेऊन गेले. संध्याकाळी चाचानं सांगतलं, "पोले की बात खतम. इतवार को साहब आ रहे हैं. सब के सामने इम्तिहान होगा. हिनहिनाया, तो उसी वक्त टांगा बाहर!"

मी पट्ट्याचं कबूल केलं. चाचानं माझा कान असा पिरगाळला का अजून बी गार हवा सुटली का ठणकते! पन साहेबाले बोलावणं गेलं ते गेलंच. दसरू टांग्याच्या पायरीवर बसून म्हणे, "सोमा, मालगुजाराचे बैल मले अजून ओळखतीन न गा?"



*

इतवार आला. टेसनासमोर ही गर्दी! साहेब टोपी घालून खुर्चीवर. बाजूले वकीलसाहेब. सारे टांगे रांगेत. अन् चाचा न्यायाचा पक्का मानूस, त्यानं आपली चमेली मुद्दाम साधूच्या बाजूले आनून उभी केली. आंगाले आंग लागून! घुंगरांचा पट्टा बी घातलेला!

साहेब म्हणले, "मेल येऊन जाईपर्यंत घोडा उभा राहिला पाहिजे. आवाज नाही, धिंगाणा नाही."

मेलची शिट्टी झाली. चमेलीनं मान हलवली. छुन!

साधूचे कान उभे झाले. मान वर गेली. वरचा ओठ थरथर करून राहिला, आता उलटते का मंग उलटते! दसरूनं लगाम असा आवळून धरला का साधूले वाटलं असन, मालकच भ्याला तर मी काय करू! वकीलसाहेबाच्या तोंडावर हसू आलं. मी डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तर गर्दीतून सखू आली होती! पदर कमरेले खोचलेला. तिनं नवऱ्याच्या हातातून लगाम घेतला. टांग्यासकट गोल फिरवायले जागा नव्हती, म्हणून साधूले फक्त चार पावलं मागं घेतलं अन् पुन्हा जाग्यावर आनलं. मंग त्याचा कान धरला, खाली ओढला, तोंड जवळ नेलं अन् काहीतरी बोलली. जास्त नाही, दोन शब्दायचं काम!

साधूचा ओठ खाली आला. मान खाली आली. डोळे अर्धे मिटले.

मेल आली. इंजिनानं वाफ सोडली, कुली ओरडले, पेट्या आपटल्या. साधू उभा! चमेलीनं शेपूट फिरवलं, ते सीधं साधूच्या थोबाडावर! साधू उभा! चमेली तर त्याच्याकडं सरकाले लागली, चाचाले तिचा लगाम दोन्ही हातानं ओढावा लागला, तरी साधू उभाच! मेल गेली. गार्डाचा डबा बी दिसेना झाला, तवा सखूनं त्याची मान थोपटली.

साहेबानं कागदावर सही केली. "पास!"

स्टँडवर असा गोंधळ झाला का बिचारे बाकीचे घोडे बिथरले! मी दसरूले उचलून घेतलं. पानवाल्यानं साऱ्यायले फुकट पान दिलं. वकीलसाहेब बी उठले अन् म्हणले, "चल दसरू, आता कचेरीत सोड. पन सीधा जा!"

चाचा मात्र तथीच उभा होता, दाढी खाजवत. सखूजवळ गेला अन् हळूच म्हणला, "बहू, चालीस साल घोड़ों में निकाले मैंने. एक बात बता दे. उसके कान में बोली क्या तू?"

सखूनं खोचलेला पदर सोडला, डोक्यावरून घेतला.

"लग्न होऊन आली न चाचा, तवा पहिल्या दिवशी यायच्या कानात जे बोलली होती, तेच!"

साऱ्या स्टँडनं एकदम दसरूकडं पाहिलं.

दसरू खाली वाकला होता. म्हणते, "चाकाले वंगन कमी पडलं वाटते!"